कोरी सोडलेली ओळ

प्रिय चिंगे,

तुझ्या नव्या दुकानाच्या भिंतीवरच्या अक्षरांसाठी तू आतापर्यंत चार वेळा फोन केलास आणि चारही वेळा मी थाप मारली. एकदा निब मोडली, एकदा मान अवघडली, एकदा कागद दमट निघाला, आणि चौथ्यांदा तर आईच्या हातात फोन कोंबून मी सरळ बाथरूममध्ये जाऊन बसलो. पेंटर गुरुवारी येणार आणि रविवारी दुकान उघडणार, हे मला पाठ झालंय. आयुष्यभर नकाशे काढलेल्या माणसाला सहा ओळी लिहायला महिना लागतो का, असं तू आईला म्हणालीस म्हणे. बरोबर आहे तुझं. पाच ओळी पहिल्याच दिवशी झाल्या होत्या. घोडं अडलंय ते सहाव्या ओळीवर. फोनवर सांगायला तोंड नाही, म्हणून कागद घेतला.

आधी एक बातमी देतो, म्हणजे निदान सुरुवातीला तरी हसशील. तुझ्या बाबांनी चॉकलेट पाय केला, तू दुकानात विकणार आहेस तोच गोड पदार्थ. एकदा नाही, तीनदा. ज्या माणसाला स्वतःच्या घरात साखरेचा डबा सापडत नाही त्यानं, असं तुझी आई येईल-जाईल त्याला सांगत सुटली आहे. पहिल्या वेळी मी पातळ केलेलं चॉकलेट गरमागरम तसंच क्रीममध्ये ओतलं. असं फाटलं ते, की बघवेना. दुसऱ्या वेळी बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवला खरा, पण तो ताटात दाबून बसवायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सुरी लावली आणि सगळा तळ वाळूसारखा ढासळला. आई म्हणाली, तुमच्या नकाशावरच्या इमारती इतकी वर्षं उभ्या कशा राहिल्या हो? तिसरा मात्र काल जमला. कृती कुठून मिळवली म्हणून तिनं विचारलं, तर पेपरात आली होती म्हणालो. तीही थापच. कृती कुठली ते पुढे सांगतो.

तुला तो आठवडा आठवतोच, तुझी सगळी गोष्टच तिथून सुरू होते. तू अकरा वर्षांची होतीस. मावशीच्या आजारपणात आई पंधरा दिवस तिच्याकडे गेली होती आणि घरात आपण दोघंच. नेमकी तेव्हाच माझी नऊ वर्षं रखडलेली बढती झाली. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात एक रीत होती. ज्याला बढती मिळेल त्यानं घरी केलेलं काहीतरी आणायचं, मधल्या मोठ्या टेबलावरचे नकाशे गुंडाळून बाजूला ठेवायचे आणि सगळ्यांनी उभ्याउभ्या खायचं. विकतचं चालायचं नाही. एकानं विकतचं आणलं होतं, त्याला पुढे वर्षभर सगळे दुकानदार म्हणून हाक मारायचे. मी तुला म्हणालो, जाऊ दे, आई घरी नाही असं सांगून टाकतो. तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, मग मी कोण आहे?

घरात ओव्हन नव्हता, म्हणून तू जुन्या मासिकातून भाजावं न लागणारं असं हे एक शोधून काढलंस. रविवारची अख्खी दुपार तू स्वयंपाकघराच्या फरशीवर फतकल मारून बसली होतीस. बिस्किटं पिशवीत घालून लाटण्यानं अशी बडवलीस, की खालच्या काकू वर येऊन विचारून गेल्या, खिळे ठोकताय का? वितळलेल्या लोण्यात चुरा कालवून तो ताटात वाटीच्या बुडानं दाबत राहिलीस, कडेपर्यंत, जीभ बाहेर काढून. चॉकलेटचं भांडं गरम पाण्यात ठेवलंस, आणि ते पातळ झाल्यावर दर दोन मिनिटांनी करंगळी बुडवून बघायचीस आणि म्हणायचीस, अजून नाही. मी घाई करत होतो. तू मला रागावलीस, बाबा, तुम्ही बाहेर बसा. क्रीम हातानंच फेटलंस, एक हात दुखला की दुसऱ्यानं. फ्रिजमध्ये ठेवण्याआधी साखरेच्या पांढऱ्या गोळ्यांनी वर ‘बाबा’ लिहिलंस. लिहिण्याआधी मोजलं नव्हतंस, त्यामुळे दुसऱ्या ‘बा’ला जागा पुरली नाही आणि तो बिचारा खाली घसरून कडेला जाऊन टेकला.

सोमवारी बसमध्ये मी ताट मांडीवर धरून बसलो होतो. वर झाकण म्हणून तू ताटली ठेवली होतीस आणि सगळं फडक्यात गच्च बांधलं होतंस. ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचलो, गाठ सोडली आणि बघितलं. उकाड्यानं मधला भाग जरा बसला होता, एका बाजूची कड फुटली होती, वर तुझ्या बोटाचा ठसा, आणि ती दोन अक्षरं, एक वर, एक खाली. चिंगे, मी काय करत होतो त्या ऑफिसात ते तुला माहीत आहे. दिवसभर सरळ रेषा. नव्या मुलांना मी सांगायचो, आधी अक्षरं मोजा, मगच पेन टेकवा. आदल्याच महिन्यात नकाशांच्या प्रती काढणाऱ्या आमच्या ट्रेसरबाईंनी त्यांच्या बढतीला घरून तीन थरांचा केक करून आणला होता, कडा पट्टीनं आखल्यासारख्या. त्यांच्या केकशेजारी मी मनातल्या मनात हे ताट ठेवून पाहिलं आणि मला लाज वाटली. तुझ्या हातच्या खाण्याची लाज वाटली. एकदाचं लिहून टाकलं.

मी ते ताट नकाशांच्या कपाटात सगळ्यात वरच्या खणात ठेवलं आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून चॉकलेटचा केक आणला. आता विकतचं कळता कामा नये. ट्रेसिंग कागदावर शाईची चूक झाली की आम्ही ती ब्लेडनं खरवडून काढायचो. कागद उजेडासमोर धरला तरच कळावं, इतकं हलक्या हातानं. त्याच ब्लेडनं मी केकवरची क्रीमची फुलं खरवडली, कडेचा एक भाग अंगठ्यानं मुद्दाम चेपला, आणि तुझ्या झाकणाच्या ताटलीवर तो केक ठेवला. घरी केलेला वाटावा म्हणून मी एका धडधाकट केकची वाट लावत बसलो होतो, आणि खरंच घरी केलेलं डोक्यावरच्या खणात होतं. त्या वेळी मला यात काही विचित्रसुद्धा वाटलं नाही. दहा मिनिटांत केक फस्त झाला. मुलीनं केलाय असं मी सांगितल्यावर मोठे साहेब म्हणाले, अकरा वर्षांची पोर आणि घरात ओव्हन नाही, कमाल आहे बुवा! ट्रेसरबाईंनी तर कृतीच मागितली. मी मान डोलावत उभा होतो.

संध्याकाळी धुतलेलं ताट घेऊन घरी आलो. तू दारातच उभी होतीस. रिकामं ताट पाहून तू टुणकन उडी मारलीस, आणि मी तुला एकूण एक शाबासकी सांगितली, साहेबांच्या आवाजासकट. खोटं तरी थोडक्यात बोलावं माणसानं. पण तुझा चेहरा असा फुलत गेला, की मी थांबेचना. तू त्याच रात्री वहीचं पान फाडून ट्रेसरबाईंसाठी कृती लिहिलीस. वर शीर्षक, ‘बाबांच्या ऑफिसचा चॉकलेट पाय’, आणि खाली रेघ मारून, ‘काकू, चॉकलेट करंगळीला गार लागेपर्यंत थांबा. घाई करू नका.’ बाईंना कृती कशी देणार? त्यांनी तर केक खाल्ला होता. ते पान माझ्या टेबलाच्या खणात गेलं, आणि निवृत्त झालो तेव्हा नकाशाच्या पेनांबरोबर घरी आलं. मी काल पाय केला तो त्या पानावरून. घाई करू नका हे वाचूनसुद्धा पहिल्यांदा घाई केलीच, ते सोड.

मला वाटलं होतं पोरवय आहे, विसरशील. तू विसरली नाहीस. दहावीत मार्क कमी पडले तेव्हा तू म्हणालीस, जाऊ दे, मला एक गोष्ट तर येते. पहिली नोकरी सुटली तेव्हा आठवडाभर रडलीस आणि मग चार पाय करून शेजारीपाजारी वाटलेस. आणि मागच्या वर्षी चांगली चाललेली नोकरी सोडलीस. मी ओरडलो, अगं, डोकं ठिकाणावर आहे का? तेव्हा तू शांतपणे म्हणालीस, बाबा, तुमच्या ऑफिसातल्या इतक्या माणसांनी ताट रिकामं केलं होतं, ती माझी कोण लागत होती? त्यांनी उगाच का खाल्लं? मी चष्मा पुसायला घेतला. तुला वाटलं बाबांना पटलं. मग तू भिंतीवर लिहायच्या ओळी पाठवल्यास, आणि सहावी ओळ अशी, ‘हा पाय पहिल्यांदा बाबांच्या ऑफिसात दहा मिनिटांत संपला. त्याच दिवशी ठरलं.’ आणि खाली कंस करून मला सूचना, ही ओळ सगळ्यात देखणी काढा हं बाबा. महिनाभर रोज त्या ओळीसाठी कागद पुढ्यात घेतो. हात चालत नाही. ज्यांना सरळ रेषेशिवाय काही चालत नाही अशांतला मी, आणि माझ्यासारखा वाकडा माणूस शोधून सापडायचा नाही.

मागच्याच आठवड्यात एकदा ठरवलं होतं, लिहून टाकावं आणि हे गुपित माझ्याबरोबर जाऊ द्यावं. कोणाला कळणार होतं? मोठे साहेब आता नाहीत, ट्रेसरबाई मुलाकडे परदेशी. पण काल तिसरा पाय जमला, मी एक फोड ताटलीत घेतली, आणि तेव्हा लक्षात आलं की तू गेली चोवीस वर्षं हे करतेस आणि मी दर वेळी डॉक्टरांनी गोड नको सांगितलंय म्हणून टाळत आलोय. डॉक्टरांनी असं कधीच काही सांगितलेलं नाही. मला ते ताट आठवायचं. काल पहिल्यांदा खाल्ला. इतका चांगला लागतो हे मला माहीतच नव्हतं. मी टेबलापाशी बसून रडलो, आणि आईला सांगितलं की कोको नाकात गेला.

आता ताटाचं काय झालं ते. त्या सोमवारी सगळे आपापल्या टेबलाशी गेल्यावर मी शिपाईमामांना कपाटातलं ताट काढून दिलं आणि म्हणालो, हे खराब झालंय, टाकून द्या आणि ताट तेवढं धुऊन आणा. मामांनी वरची दोन अक्षरं वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि नुसतं बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, भाऊसाहेब, टाकायला हात धजेना. रद्दी नकाशाच्या कोऱ्या बाजूवर काढून घरी नेला. माझ्या दोघी पोरींनी शेवटी कागद चाटला. आणि मग धाकटीनं तुझ्यासाठी दिलेला एक निरोप त्यांनी सांगितला. ट्रेसरबाई समोरच बसल्या होत्या. मी घाबरून म्हणालो, मामा, कामाचं बोला. ते पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत. साहेबांची शाबासकी मी तुला नक्कल करून सांगितली, ती बेकरीवाल्याची होती. तुझी जी खरी होती, ती मी गिळून बसलो. चिंगे, केकपेक्षाही मला याची जास्त लाज वाटते.

म्हणून हे पत्र. सोबतच्या गुंडाळीत पाच ओळी आहेत आणि सहावीची जागा मोजून कोरी सोडली आहे. गुरुवारच्या आत तू जे सांगशील ते तिथे लिहीन. काहीच नको म्हणालीस तर बाकीच्या ओळी सरकवून देईन, आणि मी रविवारी येऊ नये असं वाटलं तर तेही सांग, मी वाईट वाटून घेणार नाही. खोटं, घेईन. पण येणार नाही. तू माझ्या थापेवर दुकान काढलंस असं मात्र एक क्षणही मनात आणू नकोस. तुझ्या पायचा शेवटचा कण दोन मुलींनी खरोखर चाटून खाल्ला होता, आणि त्यातल्या धाकटीचा निरोप मी तुला त्याच दिवशी पोचवायला हवा होता. तो आज पोचवतो. तिनं विचारलं होतं, ती ताई परत कधी करणार?

कसाही असलो तरी तुझाच,
बाबा