इस्त्रीवाल्याच्या गाठी

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा नमस्कार. कंबरेत उसण भरल्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला नमस्कार समजून घ्यावा. तुमचे गुडघे काय म्हणतात?

उसणीचं कारण माझा इस्त्रीवाला. ‘बिनकागदाची माणसं आपल्या लोकांच्या तोंडचा घास काढतात’ असं मागच्या पत्रात तुम्ही ज्याच्यावरून मला सुनावलंत, तोच. सोमवारी कागदपत्रांच्या तपासणीची कुणकुण लागली, तेव्हा मीच त्याला बायकोसकट तीन दिवस लपायला लावलं आणि लाँड्री स्वतः चालवायला घेतली. (अकरा वर्षं मालक म्हणून गल्ल्यावर बसलोय, इस्त्री काय, आपोआप येत असेल अशी समजूत होती.)

आमच्याकडे कपड्यांवर नाव-नंबर नसतो. तो कॉलरच्या आत रंगीत दोऱ्याची गाठ मारतो. दोन निळ्या म्हणजे डॉक्टर, एक हिरवी म्हणजे बँडमास्तर, पुढचं सगळं त्याच्या डोक्यात. (वही ठेव, असं मी कधी म्हटलं नाही, ठेवली असती तर मला वाचावी लागली असती.) मी निळ्या-हिरव्यात घोळ घातला आणि डॉक्टर सोनेरी पट्ट्यांचा कोट घालून दवाखान्यात बसले. मंगळवारी घड्या घालणाऱ्या आपल्याच गल्लीतल्या तिघी बायकांना काम नाही म्हणून घरी पाठवलं. त्याची बायको काजं करते, ती नाही म्हणून शेजारच्या शिंप्याची दोन मशिनं बंद. वाणीही विचारून गेला, तुमची माणसं दिसत नाहीत, सामान बांधून ठेवलंय. मामा, घास कोणामुळे कोणाच्या तोंडात पडत होता ते मला तेव्हा कळलं. वर हा इस्त्रीवाला दरवर्षी कर भरतो, तोही माझ्याआधी.

बुधवारी तपासणीवाले साहेब खरंच आले. मी घामाघूम. पण त्यांना मुलीच्या लग्नासाठी टाकलेला कोट हवा होता. मी सात कोट दाखवले, एकही त्यांचा नाही. शेवटी स्टुलावर बसून म्हणाले, “बोलवा त्याला. मी आज रजेवर आहे.” तो आला, ढिगात हात घातला आणि कोट काढून दिला. साहेब जाताना हळूच म्हणाले, “राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करू द्या. दोन प्रतिष्ठित माणसांच्या सह्या लागतील, मालकाची चालत नाही.”

अकरा वर्षांत मी त्याचे आभार मानले नव्हते, त्या दिवशी मानले. तो ओशाळला आणि माझ्या हातातली इस्त्री काढून घेतली.

तुमचा,
भाचा

ता. क. : ते तीन दिवस दोघं मागच्या गल्लीतल्या तुमच्याच बंद घरात होते. किल्ली माझ्याकडे होती, परवानगी नव्हती. स्वयंपाकघरातला गळका नळ आता गळत नाही.

ता. क. २ : अर्ज सोबत आहे. शुक्रवार शेवटची तारीख, नाहीतर त्यांना गाव सोडावं लागेल. मास्तरांना (म्हणजे तुम्हाला) त्रास नको, असं तो म्हणतो, म्हणून त्याला न सांगता लिहितोय.

ता. क. ३ : काल मामी भाजी आणायला गेल्या आणि उशिरा आल्या, त्या माझ्याकडे होत्या. पहिली सही त्यांची आहे. तुमची जागा खाली रिकामी ठेवली आहे.