सीटची उंची

शैलेंद्र भाऊजी,

नमस्कार लिहायला हात उठत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

यांचं वर्षश्राद्ध झालं, म्हणून यंदा दसऱ्याला पूजा करायची ठरली. आज यांची सायकल पुसायला काढली. डोंगरावरून तुम्ही एकटे परतलात, तेव्हा पायथ्याच्या गावातूनच टेम्पोत घातली म्हणत हीच रांझीला घरी आणून दिली होती; तेव्हापासून तिच्यावर कुणी बसलं नाही. पायथ्याच्या गावापर्यंत घाटातून सायकलनं आणि पुढे शिखरावर पायी, असा तुम्हा दोघा मित्रांचा बेत. पायी उतरताना फोटोच्या नादात हे कड्यावरून घसरले, असं तुम्ही सांगितलं. आई अजून मेलेल्या लेकालाच बोल लावून राहिल्या, "काहून गेला रे कड्यावर?"

पण सीट चार बोटं वर आहे. हे माझ्याच उंचीचे. इतक्या वरून यांचे पाय पॅडलला पुरत नव्हते. तुमचे पुरतात. जाताना पायथ्याशी पोचून यांनी पाठवलेल्या फोटोत तर सीट खालीच होती.

म्हणजे शिखरावरून हे धड उतरले होते. घाटात यांच्या सायकलवर तुम्ही होता आणि तुमच्या सायकलवर हे. तुमच्या सायकलचा ब्रेक नीट लागत नाही, असं निघताना हेच म्हणाले होते. "चलो, तू माझी घे," हेही यांनीच म्हटलं असेल. त्याचा राग नाही. राग तुम्ही रचलेल्या कड्याचा आहे.

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तुम्ही यायचे नाही. दसऱ्याला सोनं द्यायला या, आईंच्या पाया पडा. हार घातलेली सायकल दाराशीच असेल. सीट मी खाली केली नाही. आईंसमोर एवढंच म्हणेन, भाऊजी, एकदा बसून दाखवा.

वाट पाहून राहिलेली,
विनता