बंद खोलीची घंटा

मी, कुमारी ऑगस्टा थॉर्नवेल, वय एकावन्न, राहणार हॅलोविक हॉल, यॉर्कशायर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. हृदयाचं त्यांनी विचारलं नाही.

एक. हॉल, जमीन आणि पूर्वजांची चौदा तैलचित्रं भाचा लायोनेल यास. चहाला आला की तो पडदे मापून जातोच.

दोन. आई गेल्यावर तिच्या खोलीला कुलूप लागलं, तरी तिथल्या दोरीला तारेने जोडलेली तिची घंटा खाली नोकरांच्या दालनात वाजायची. भुताला अडवायला स्वयंपाकीण उंबऱ्यावर मीठ टाकायची. ते भूत मी होते, हे येथे नमूद करते. घंटा वाजली की तार तपासायला गावातून कारागीर जोसाया पेल येई.

"तारेत काही दोष नाही, बाईसाहेब."

"मग पुन्हा बघा."

तो पुन्हा बघे. असं नऊ वर्षं चाललं. एकदा मी खुर्ची पुढे केली, तर म्हणाला, "कपडे मळके आहेत, बाईसाहेब." तो उभाच राहिला.

एका गुरुवारी मी पाद्रीबुवांना चहा ओतत असताना घंटा वाजली. धावत वर गेले. आत मोलकरीण केझाया, हातात घंटेची दोरी.

"भूत चहाला बसलं होतं ना, बाईसाहेब, म्हणून मी ओढली."

तासाभरात तिला घराबाहेर काढलं, शिफारसपत्र न देता. त्याविना तिला कुणी कामावर ठेवेना, म्हणून महिन्याभरात जोसायाने तिच्याशी लग्न केलं. पत्र दिलं असतं, तर ती नोकरीसाठी लीड्सला गेली असती. एवढा मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही.

तीन. ते दोघे राहतात ते तळ्याकाठचं घर पाडून लायोनेलला शिकारी कुत्र्यांसाठी खोपटी बांधायची आहेत. म्हणून ते घर जोसायास, तहहयात. नवरे आपल्या विधवांना घालतात तीच अट मी त्याला घालते: केझाया आधी गेली, तर त्याने दुसरं लग्न करू नये. एकीपुढे हरले, तेवढं पुरे.

चार. केझायास ते शिफारसपत्र, सोळा वर्षं उशिरा: "प्रामाणिक, कष्टाळू, हुशार. नको इतकी हुशार." ती घंटाही तिलाच. लोलक मात्र काढून शवपेटीत माझ्या मुठीत ठेवावा. जोसायाला बोलवायला तिला घंटा लागत नाही. मला लागेल.

हॅलोविक हॉल, ९ नोव्हेंबर १८७१
ऑगस्टा थॉर्नवेल

साक्षीदार:
डॉ. एडमंड स्क्रेस
मिसेस डॉर्कस हेप्टन, स्वयंपाकीण ("नऊ वर्षं मीठ वाया घालवलंत माझं, बाईसाहेब!" असं म्हणून सही केली.)