सहाव्या गाण्यातला श्वास

बाबा,

काल एका मुलाचा मेल आला. आमचा पहिला अल्बम त्याला पुन्हा काढायचा आहे, इतक्या वर्षांनी. आम्ही तिघांनी मिळून सिंथवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर केलेली आठ हिंदी गाणी, रायपुरात तेव्हा कुत्रंही विचारत नव्हतं त्यांना, ती आता कुठल्या कुठल्या शहरांतली पोरं शोधून ऐकतात म्हणे. त्यानं एकच विचारलं आहे, सहाव्या गाण्याच्या तळाशी जो आवाज सारखा आत-बाहेर होत राहतो तो कोणत्या मशीनवर केला? तो कशाचा आहे हे तुम्हाला माहीत आहे. मेल वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

तुम्ही रेल्वेत चाकं वाजवायचात. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्याडब्यानं जायचं, चाकावर ठोका मारायचा आणि ऐकायचं. मी दहा वर्षांची असताना एकदा मला सोबत नेलंत. सगळी चाकं टणटण बोलत होती आणि एकच भद्द बोललं. तुम्ही लगेच हात वर केलात. डबा काढावा लागला, गाडी खोळंबली, कोणी साहेब येऊन तुमच्यावर डाफरला आणि तुम्ही हातोडी धरून त्या चाकापाशीच उभे. घरी येताना मी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? "आवाज बदलला का थांबवाचं," तुम्ही म्हणालात. "मंग कोनी कितीबी बोंबलो. अन् तुहा कानबी माह्यासारखाच हाये, पोट्टे." मला त्या दिवशी केवढा अभिमान वाटला होता. आता ते वाक्य मी कोणाला सांगत नाही.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यावर गावभर खोदकाम चाललं होतं. रस्ते रुंद होत होते, ताट वाढून ठेवलं तर वरणावर धूळ बसायची. सगळं रायपूर खोकत होतं, त्यात तुम्हीही. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, घरात आपण दोघंच. तुम्ही कुण्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून माझ्यासाठी जुना सिंथ आणला होता, दोन पट्ट्या मुक्या असलेला, आणि त्यावर मी काय वाजवते ते तुम्हाला ओ की ठो कळत नसे. "ह्याच्यात तबला कुठी हाये?" असं दर गाण्याला विचारायचात.

दिवाळीनंतरची दुपार आहे. जेवून तुम्ही स्वयंपाकघरातच उन्हाच्या पट्ट्यात सतरंजी टाकून झोपला आहात. तुमचा श्वास इतका संथ, इतका एकसारखा चालला आहे की मला वाटतं, ह्यावर गाणं बांधता येईल. मी माईक आणते, रेकॉर्ड करते. बूढापारा मोहल्ल्यातले स्टुडिओवाले भैया ऐकून म्हणतात, "आइडिया मस्त है दीदी, पर आवाज साफ नहीं है. फिर से करके लाओ." सुरुवात एवढीच, त्यात कोणाचं काय वाईट होतं?

पुन्हा केलं ते संक्रांतीला, तुम्हाला सांगून. घरी हेडफोन लावला आणि मी थांबले. श्वासाच्या शेवटी बारीक करकर होती, वाळल्या पानावर पाय पडावा तशी. दिवाळीत ती नव्हती. श्वासही आखूड झाला होता, गाण्याच्या ठेक्यात बसेना. मी दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ तीनदा ऐकली. मग स्टुडिओत नेलं, तर आमच्या तिघांतला ड्रम मशीनवाला मित्र उडालाच, "ये करकर तो सोना है यार, इसको ऊपर ला!" आम्ही ती वर आणली, ठळक ऐकू येईल अशी. आणि तुमचा आखूड श्वास मी कम्प्युटरवर ओढून लांब केला, दिवाळीइतका. माझ्याच हातानं, बाबा.

त्याच आठवड्यात तुम्ही आम्हा सगळ्यांसाठी डबा घेऊन सदर बाजारातून पायी आलात. स्टुडिओच्या जिन्यात अर्ध्यावर बसलात. मी खाली आले तर डबा मांडीवर, ओठ निळसर. धूळ हाये, म्हणालात. मग माझ्या गळ्यातल्या हेडफोनकडे बघून विचारलंत, "तू तं रोज माहा श्वास ऐकून राहिली. काही येगळं लागते काय कानाले?"

मिक्सिंगला चार दिवस उरले होते. हो म्हटलं असतं तर त्याच दिवशी दवाखाना, आणि स्टुडिओची मिळालेली तारीख गेली असती.

"काही नाही बाबा. मस्त आहे."

"मंग ठीक हाये," म्हणालात आणि डबा माझ्या हातात देऊन धीरे धीरे उतरून गेलात. तुम्ही दुसऱ्या कोणाच्या कानावर असा विश्वास कधी ठेवला नव्हता.

होळीच्या आधी तुम्हाला दवाखान्यात भरती केलं. दोन महिने आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. अल्बमची पहिली सीडी मी खाटेवरच तुम्हाला ऐकवली. सहावं गाणं लागलं आणि तुम्ही डोळे मिटलेत. गाणं संपेपर्यंत तुम्ही हलला नाहीत. मग हेडफोन काढलात, त्याची वायर नीट गुंडाळलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुले ऐकू आलं होतं न?"

"काय, बाबा?"

तुम्ही हेडफोन माझ्या हातात दिलात. मग म्हणालात, "काही नाही. मस्त झालं गानं."

त्या खाटेवरून तुम्ही घरी आलाच नाहीत. लोकांना मी आजवर हेच सांगत आले की एवढ्या धुळीत कोणाला काय कळणार होतं. त्या मुलालाही आत्ताच उत्तर लिहिलं, की तो आवाज एका जुन्या सिंथवर केला होता, त्याच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या. ते पाठवलं. हे पत्र नाही पाठवत.