फलटणचा फोन

५ फेब्रुवारी, मिरज

वीरधवलनं ही वही त्याच्या आईची औषधं लिवायला दिली. औषधं सिस्टर लिवतातच — मग मी माझं लिवती. त्याची आई शालूबाई, माझी थोरली जाऊ. दोन्ही किडन्या गेल्या. डॉक्टर म्हणले, आठ दिवस. त्याच्या आत तिला एक सांगायचंय!

६ फेब्रुवारी

जमलं न्हाई. ती मोसंबी मागती, मी सोलती.

७ फेब्रुवारी

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून, जैबुनभाबी. तिलाच सांगून टाकलं.

बावीस वर्सं झाली. कुंडलला आमच्या घरी नणंदेची हळद होती. फलटणवरनं फोन आला, मी उचलला — शालूबाईची आई आत्ता-तवा हाय, पोरीला धाडा. थोरली गेली तर एवढा सैपाक कोण बघणार? गप बसले. दुसऱ्या दिवशी अक्षता पडल्यावर म्हणलं, फोन आत्ताच आला. ती पोचली तवा राख सुदीक सावडून झालती.

भाबी म्हणली, "अल्लाचं चुकलं तर अल्ला माफ करतो. माणसाचं चुकलं तर आदी माणसाकडं जायचं."

"आन् माणूस मेलं तर?"

"त्याचं नाव घेऊन दुवा मागायची. रोज."

८ फेब्रुवारी

क्रांती सिस्टर ख्रिश्चन. कालचं तिच्या कानावर गेलतं. सलाईन बदलताना म्हणली, "मावशी, येशूनं आधीच सोसलंय तुमच्यासाठी. मनापासून कबूल करा, माफी मिळालीच."

एवढं सोपं? म्हणलं, "मग तुमच्यात जावा-जावा भांडतच नसतील!"

हसली. "भांडतो की. पण दुसऱ्याला माफ केल्याबिगर आमची प्रार्थना पुढं सरकत नाही."

एकीचा देव म्हणतो आदी तिच्याकडं जा, दुसरीचा म्हणतो आदी माझ्याकडं ये. माझे पाय कुठंच उचलंनात.

१० फेब्रुवारी

सांगितलं! तिचे पाय दाबत. "आक्का, त्यो फोन आदल्या दिशीच आलता."

तिनं पाय वडून घेतले. मग — "अनसूये, तुझ्या आदी सकाळी पयला फोन मीच उचललावता. आईसंगं अबोला होता. येत न्हाई म्हणलं. मागनं तू लपवलंस ते कळलं मला... बरंच वाटलं. तुझ्यावर ढकलता आलं. मला माफ कर गं."

मी केलं. तिनं केलं. दोघी रडलो. तरी हलकं काय वाटंना.

१२ फेब्रुवारी

शालूबाई सकाळी गेली.

माफी तिच्या आईची मागायची होती — आमी दोघी एकमेकींचीच मागत बसलो. भाबी म्हणली, "नाव सांग, मी बी दुवा मागते."

नाव? आमी जलमभर फलटणची आईच म्हणलो. वीरधवलला नाव इचारलं.

"आज्जी..." म्हणला, आन् नाव आठवत बसला.