फिलोमिना रेडहेड कोण?

व्हर्लिनताई,

कोर्टाची नोटीस पेपरात तीनदा आली आणि तिन्ही शुक्रवारी मीच ती गुयाव गावातल्या दुकानात मोठ्यानं वाचली: "मयत फिलोमिना रेडहेड यांच्या घराचा लिलाव. हरकत असल्यास कळवावी."

"असेल कुणी बड्या घरची," गल्ल्यावरून नोएल म्हणाला. आम्ही हसलो.

आपल्याला वाढवणाऱ्या मावशीला अख्खं गाव तांतीच म्हणायचं, मीही. काल आमच्याच दारावर लिलावाचा कागद चिकटला तेव्हा कळलं. हरकतीची मुदत संपलीय. कोर्टातला कारकून म्हणाला, "अरे बाबा, जिच्या घरात राहतोस तिचं नाव ठाऊक नाही?"

तुला होतं. टोरंटोहून लिलावाचा अर्ज तूच केलास. फोनवर नुसतं 'तांतीचं घर विकतेय' म्हणाली असतीस, तर तुझा वाटा मी हसत दिला असता.

परवा स्वतःच्याच घरावर बोली लावतोय. माझ्यावर बोली चढवू नका, असं गावाला बजावलंय. बाहेरून येणाऱ्यांना कोण बजावणार?

तुझा धाकटा,
आल्बन