उघडा राहिलेला जॉइंट

अण्णा, दुपारपासून सर्व्हर बंद आहे, म्हणून हे लिहायला बसले. दुकानात आता कोणी नाही. जे आले होते त्यांना उद्या या म्हणून सांगितलं आणि ते परत गेले. उद्या या हे ऐकायची आता लोकांना सवय झाली आहे, आणि मला ते म्हणायची. सर्व्हर म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला हवं. तुमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती उंच लोखंडी कपाटं होती, ज्यांच्यातून दिवसभर टकटक आवाज यायचा, तसंच काहीतरी समजा. फरक एवढाच की हे कपाट कुठं ठेवलंय ते मला माहीत नाही, आणि बंद पडलं तर खांद्याला पिशवी अडकवून सायकलवर तिथं जाता येत नाही. नुसतं बसून राहायचं.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. जवळा बाजारातच स्टँडच्या मागं माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीक विमा, शाळेचे प्रवेश, हयातीचे दाखले. तुमचे जावई औंढ्याला शाळेवर जाऊन येऊन करतात, नात बाहेरगावी शिकायला आहे. पोरगी हुशार आहे आणि तिला माझी खोड माहीत आहे. परवा फोनवर म्हणाली, "आई, तुझा तो हवामानाचा डबा झाला का पुरा?" मी म्हटलं, होत आला. ती हसली.

तो डबा गच्चीवर आहे. त्यात मी तापमान मोजायचं यंत्र बसवलं, ते मोबाईलवर बरोबर आकडा दाखवतं. पाऊस मोजायला नरसाळं लावलं, त्यात चिमण्यांनी काड्या आणून टाकल्या, आणि वारा मोजायची पंखी अजून खोक्यातच आहे. असं माझ्याकडे बरंच आहे अण्णा. मोबाईलवर व्हिडिओ टाकायचं एक चॅनेल काढलं होतं. त्यावर फोनच्या चार्जिंगच्या भोकातली घाण खराट्याच्या काडीनं कशी काढायची एवढं दाखवलं, तर कुठल्या कुठल्या गावांतून लोकांनी तो पाहिला, अजून टाका अजून टाका म्हणाले. मी पुढचा टाकला नाही. तांड्यावरच्या एक बाई फॉर्म भरायला यायच्या, त्यांच्या बोलीतले शब्द रेकॉर्ड करून एक कोश करायचा म्हणून त्यांना चार महिने दर बाजाराच्या दिवशी बसवलं. गुरांचे शब्द झाले, पाण्याचे झाले, नात्यांचे सुरू केले आणि मधेच विहिरीवरची मोटार मोबाईलवरून चालू करायचं माझ्या डोक्यात शिरलं. त्या बाई अजून विचारतात, आपलं ते कधी करायचं. मोटारीचं मी अर्धं करेपर्यंत तसला तयार डबा दुकानात मिळायला लागला. आता तर एक यंत्र आलंय, त्याला मराठीत काहीही विचारलं की मराठीत उत्तर देतं. मी त्याच्याशी तासन्‌तास बोलत बसते, नवं काही शिकते, आणि महिन्याभरात ते शिकलेलं जुनं होतं. पूर्वी यातच सुख वाटायचं. आता रोज नवीन गोष्ट आली की पहिल्यांदा खांदे दुखतात.

पण या गोष्टी सांगायला मी बसले नाही. मला त्या जॉइंटबद्दल लिहायचं आहे.

मी अकरावीला होते. आपल्या गल्लीत फोन एकच, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा. सगळ्या गल्लीनं आपापल्या सोयऱ्यांना तोच नंबर देऊन ठेवलेला. दुकानाकडं जाणारी तार आपल्या पत्र्यावरून जायची. मी जुन्या रेडिओच्या भागांतून एक छोटा अॅम्प्लिफायर केला होता आणि फोनचा आवाज स्पीकरवर ऐकायचं माझ्या मनानं घेतलं होतं. एप्रिलच्या त्या दुपारी तुम्ही शिरड शहापूरला केबलच्या कामाला गेलेले. मी पत्र्यावर चढते, ब्लेडनं दोन्ही तारांवरचं प्लॅस्टिक सोलते, त्या तोडून माझ्या वायरी जोडते, आणि स्पीकरमधून तो लांब, एकसुरी आवाज येतो. डायल टोन. पत्रा एवढा तापला होता की चपलेतून चटके बसत होते, तरी मी किती वेळ नुसती ऐकत बसले. मग आईनं खालून हाक मारली. मी माझ्या वायरी काढल्या, तोडलेल्या तारा पीळ देऊन परत जोडल्या, आणि टेप नंतर लावू म्हणून उतरले.

दुसऱ्या दिवशी वावटळ आली. दोन्ही उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या. दुकानदार लग्नाला गेलेला, दुकानावर त्याचे म्हातारे वडील, त्यांना फोन बंद आहे हे कळलंच नाही. बाहेरून कोणी लावला की एंगेज लागायचा. दोन दिवस तसंच. तिसऱ्या दिवशी सकाळी नांदेडहून बसनं एक माणूस निरोप घेऊन आला की गादीवाल्या चाचीची आई गेली. चाची म्हणजे आपल्या समोरच्या, नवरा-बायको मिळून गाद्या भरायचे, उन्हाळ्यात सगळं अंगण कापसानं पांढरं व्हायचं. त्या नेसत्या साडीवर निघाल्या. पण पोचल्या तेव्हा दफन होऊन गेलं होतं.

तुम्ही त्या संध्याकाळी जॉइंट शोधलात. रात्रीच्या जेवणाला चुलीपुढं बसलो होतो, आई भाकरी थापत होती. तुम्ही आवाज चढवला नाही.

"ह्यो पीळ तुझाच हाय ना?"

मी मान हलवली.

"काहून केलं माय?"

मी अॅम्प्लिफायरचं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत, मला वाटतं तुम्हाला ते जरा आवडलंही. मग म्हणालात, "खेळ केला त्याचं काई न्हाई. तार जोडाया दोन मिन्टं लागतात, वरून टेप माराया एक. तुझं ते एक मिन्ट दर येळी राहून जातंय." आणि थोड्या वेळानं, "त्या बाईला मायचं तोंड बघाया भेटलं न्हाई. ती आली की जाऊन सांग तिला. मी येनार न्हाई तुझ्यासंगं."

ऑफिसच्या रजिस्टरमध्ये तुम्ही 'वाऱ्याने तारा एकत्र' एवढंच लिहिलंत. ते खोटं नव्हतं, पण तुमच्यासारख्या माणसाला ते जड गेलं असणार. चाची आठ दिवसांनी परत आल्या. मी गेले अण्णा. त्यांच्या दारापर्यंत गेले. आत बायका बसलेल्या, चाची भिंतीला टेकून. मी उंबऱ्यापाशी उभी राहिले, मला रडू फुटलं, आणि मी तशीच माघारी आले. तुम्ही विचारलंत, "सांगितलंस?" मी म्हटलं, "व्हय." तुम्ही दुसरा प्रश्न विचारला नाही. पुढच्याच आठवड्यात परभणीला गेलात तेव्हा माझ्यासाठी मल्टीमीटर घेऊन आलात, नवा कोरा, लाल-काळ्या वायरींचा. खरं बोलणाऱ्या लेकीसाठी आणलेली वस्तू होती ती. मी तो वापरला, खूप वापरला, पण कधीही हातात घेतला तरी मला तो माझा वाटला नाही.

या मंगळवारी चाची माझ्या दुकानात आल्या. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. निराधार योजनेच्या पगारासाठी हयातीचा दाखला पाहिजे, म्हणजे आपण जिवंत आहोत असं यंत्राला पटवून द्यायचं. त्यांची ही तिसरी खेप. अंगठा उमटत नाही. "कुठून उठंल बाई, सारा कापसात झिजला," म्हणाल्या. मग मोबाईलपुढं चेहरा धरायचा आणि डोळे मिचकावायचे. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. "मिचकवा चाची." "मिचकवून राहिले ना मी." यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा. बाकावर चार माणसं खोळंबलेली, सकाळपासून मी पाणी प्यायले नव्हते. स्क्रीनवर ते चाक फिरत होतं आणि चाची एवढा मोठा डोळा करून माझ्याकडं बघत होत्या, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"चाची, तुमची आई वारली तेव्हा दुकानाचा फोन बंद होता ना. तो मी बंद पाडला होता."

त्यांना वाटलं मी दाखल्याबद्दलच काही बोलतेय. मी पुन्हा सांगितलं, हळू आवाजात, पत्रा, तार, टेप, सगळं. त्या ऐकत राहिल्या.

"तू आल्ती ना तव्हा," त्या म्हणाल्या. "दारात उभी राहून रडून राहिली व्हती. मी म्हनलं, लाइनमनचं लेकरू किती मायेचं हाय."

"सांगायला आले होते. सांगता आलं नाही."

त्यांनी पदर सारखा केला. मला वाटलं आता म्हणतील, झालं गेलं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. "मी रडून मोकळी झाले," त्या म्हणाल्या. "पन माझा भाऊ. आई शेवटाला लागली तव्हा त्यानं दोन दिस फोन लावला. दर बारी एंगेज. त्याच्या आदल्या ईदला आमचं भांडन झाल्तं, आईला कोनी ठिवायचं म्हनून. त्याला वाटलं, यायचं न्हाई म्हनून मीच दुकानदाराला सांगून रिसिवर काढून ठिवला. मी कसम खाल्ली, त्याला पटलं न्हाई. लग्नाकार्यात भेटतो, सलाम करतो, जेवतो. पन मी मोठी बहीन, तव्हापासून त्यानं मला आपा म्हनून हाक न्हाई मारली."

हे मला माहीत नव्हतं अण्णा. तुम्हालाही नसणार. आपण दोघं समजत होतो की जे व्हायचं ते त्या एका आठवड्यात होऊन गेलं.

चाचींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधार कार्डाबरोबर ठेवलेला एक कागद काढला. त्यावर नांदेडचा नंबर होता. "लाव," त्या म्हणाल्या. "तोंड दिसतंय त्या फोननं लाव. मला सांगितलं ते त्याला सांग."

मी व्हिडिओ कॉल लावला. कुण्या नातवानं उचलला, मग पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ दिसले, दाराच्या पायरीवर बसलेले. चाचींचा चेहरा पाहून ते सावध झाले. मी फोन माझ्याकडं वळवला आणि जवळ्याहून बोलते म्हणून सांगितलं. मग मी सांगितलं की त्या वेळी किराणा दुकानाची लाइन बिघडली होती, बाहेरून एंगेज लागत होता, रिसिव्हर कोणीही काढून ठेवला नव्हता, चाचींना काहीच माहीत नव्हतं. आवाज अडकला असं वाटून मी फोन हलवला. मग ते म्हणाले, "आपा को दो." चाचींनी फोन दोन्ही हातांत धरला. "बताई क्यों नई?" ते म्हणाले. "बोली थी ना रे," चाची म्हणाल्या, "तू सुनाच नई." त्यानंतर दोघं कितीतरी वेळ बोलत होते. बाकावरची माणसं घड्याळ बघायची थांबली. दाखला त्या दिवशीही निघाला नाही. चाची जाताना म्हणाल्या, "मी पुन्यांदा येते, काई घाई न्हाई."

माझ्याकडून चांगलं झालं असं तुम्हाला वाटेल. म्हणूनच हे लिहिते आहे, आणि म्हणूनच हे लिहून कुठं ठेवावं ते कळत नाही. एक तर ते मी धीर करून सांगितलं नाही. दमले होते, आणि दमलेल्या माणसाला एखादी गोष्ट धरून ठेवणं जमत नाही, एवढंच. दुसरं मी वर लिहायचं टाळलं. त्या भावानं मला मधेच विचारलं होतं, लाइन कोणी बिघडवली. बाकावरची चार माणसं ऐकत होती, फोन स्पीकरवर होता. मी म्हटलं, लाइनमनच्या हातून जॉइंट उघडा राहिला. कोण लाइनमन, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझे वडील. आहेत का ते? नाहीत, वारले. "अल्ला माफ करे उनको," ते म्हणाले. चाची माझ्याकडं बघत होत्या. मग त्यांनी फोनसाठी हात पुढं केला.

आज शुक्रवार. त्या भावाचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहे. मी अजून लावला नाही.